कानडी होकार

अलसूर, बेंगळूर
९ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप थोरले भावजी यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, शालनचा, साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत असं लिहायला बसले होते, पण पहिल्याच ओळीत खोटं नको. इकडे बरं नाही.

तुम्हाला वाटेल, भावाचं पत्र यायचं सोडून ह्या बाईनं लेखणी कशाला उचलली. हे ड्यूटीवर गेलेत तेवढ्यात लिहितेय. ह्यांना सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. माझी शाळा सगळी कानडीत झाली. मराठी बोलते घरातली, पण लिहायला ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतर. "गावाकडं पत्रं कोण लिहिणार मग, मीच का तुझ्या बदली?" असं चिडवून चिडवून शिकवलं. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाला जाऊबाईंनी हसू नये.

आता मुद्द्याचं. मंगळवारी मेजर साहेबांनी ह्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. टेबलावर तुमच्या निवडणुकीचं पत्रक. बेळगावहून टपालानं आलं म्हणे, पाठवणाऱ्याचं नाव नाही. वर तुमचा फोटो, खाली ह्यांचा, वर्दीतला, छातीवर पदकं. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: "सीमेवर उभा असलेला माझा सख्खा भाऊ हवालदार पिराजी सांगतो, मराठी बांधवांनो, माझ्या दादालाच मत द्या!"

अहो भावजी, कसली सीमा? तुमचा भाऊ इथं अलसूरच्या मैदानात नव्या पोरांना लॉरी मागे कशी घ्यायची ते शिकवतो. दिवसभर "हळू, हळू, अरे ब्रेक!" म्हणून घसा बसवून घरी येतो. सीमा म्हणजे तुम्हाला बेळगावची म्हणायची होती की देशाची? वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजलंच असेल. आणि जे नाव मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, ते तुम्ही बाजारात वाटलंत.

फौजेचा नियम तुम्हाला माहीत नाही असं तरी म्हणू नका. दिवाळीच्या रजेत ह्यांनी तुम्हाला सोप्यात बसून समजावला होता, मी तांदूळ निवडत ऐकत होते. मत देता येतं, तेही टपालानं, गुपचूप. पण राजकीय सभेला जायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, प्रचारात आपलं नाव येऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी देवळापुढं तुमची सभा भरली तेव्हा हे उठून मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसले. गंगव्वा जाऊबाई बोलवायला गेल्या तर म्हणाले, "वहिनी, भाषणं संपली की हाक मारा, जेवायला येतो." सगळ्या गावानं बघितलं. तुम्हाला ते लागलं होतं. आम्ही निघेपर्यंत तुम्ही ह्यांच्याशी धड बोलला नाहीत.

आता सगळं अडलंय ते "येऊ दिलं" ह्या दोन शब्दांवर. नाव नुसतं आलं, की ह्यांनी येऊ दिलं? नुसतं आलं असेल तर ह्यांचा दोष नाही. येऊ दिलं असेल तर नोकरी जाते. पेन्शनीला दोन वर्षं राहिलीत, तीही जाते. मेजर साहेब माणूस भला. म्हणाले, "तुझ्या भावाकडून चार ओळी आण, तुला न विचारता छापलं म्हणून. मी फाईल बंद करतो." तर ह्यांनी काय सांगावं? "साहेब, माझ्या दादानं खोटं छापलं असं मी त्याच्याकडून लिहून घेणार नाही."

तुम्ही शाळा सोडून नांगराला हात घातलात म्हणून ह्यांची शाळा झाली, ही गोष्ट हे विसरत नाहीत आणि मलाही विसरू देत नाहीत. ह्यांना तुमच्यापुढं तोंड उघडता येत नाही. मला येतं. म्हणून मी मागते. चार ओळी, भावजी. "भावाला न विचारता छापलं." एवढंच. तुमच्या घाईत वेळ नसेल तर दोनच लिहा. पण लवकर लिहा, माझा जीव टांगणीला लागलाय.

तो फोटो आत्याबाईंच्या खोलीतला, त्यांनी लेकाचा म्हणून जपलेला, काढलात ना? काम झालं की परत खिळ्याला लावा. वर्दीतला तेवढाच आहे, आमच्याकडे प्रत नाही.

आमच्या पोरीचा, प्रेमाचा, ताप उतरला. ती तुम्हाला आणि जाऊबाईंना नमस्कार सांगते.

आपली
शालन


अलसूर, बेंगळूर
२८ फेब्रुवारी १९५७

थोरले भावजी यांस शालनचा नमस्कार.

मी चार ओळी मागितल्या होत्या. तुम्ही दोन पानं पाठवलीत, वकिलाकडून टाईप करून, आणि तीही मला नाही, सरळ मेजर साहेबांना. त्यात लिहिलंय की सदर मजकूर "माझ्या बंधूंच्या घरी माणूस पाठवून, त्यांच्या पत्नीची संमती घेऊनच" छापला.

माझी संमती! अगबाई! मी घरभर शोधली, कुठं ठेवली होती ती.

वकिलानं तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला इथं बसून कळतं. फौजीचं नाव न विचारता छापलं असं कबूल केलं तर विरुद्ध पार्टी कोर्टात जाईल, निवडून आलात तरी ओढून खाली पाडेल. म्हणून तुम्ही आपलं अंग काढून घेतलंत. काढून कुठं ठेवलंत, तर माझ्यावर.

मग आठवलं. संक्रांतीच्या आधी तुमचा नागोजी आला होता. चिकपेटात कापड घ्यायला आलोय, सहज डोकावलो म्हणाला. हे ड्यूटीवर. प्रेमा तापानं फणफणलेली, माझ्या खांद्यावर. चुलीवर दूध. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "वैनी, दादा म्हनत्यात, पिराजीचं बी नाव पत्रकात घालावं." मी म्हटलं, "सरी, सरी," आणि दूध उतू चाललं म्हणून आत पळाले. बाहेर येऊन बघते तर नागोजी गेलेला. त्याच्यासाठी ओतलेली कॉफी तशीच राहिली.

ह्यांना मी ते सांगितलं होतं का? त्याचं उत्तर मी बनशंकरी देवीला दिलंय. तुम्हाला देणार नाही.

सरी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगू? कानडी मुलखात जन्म गेला तुमचा. आम्ही बेंगळूरचे मराठे दिवसभर सरी म्हणतो. भाजीवालीला सरी, टांगेवाल्याला सरी, रडणाऱ्या पोराला सरी सरी. ऐकलं, बरं, बघू, पुरे, जा आता, सगळ्याला तो एकच शब्द. होकार द्यायचा असला तर आम्हीही हो म्हणतो, तुमच्यासारखंच, मराठीत.

कानडी पाटी नको, कानडी शाळा नको, कानडी सरकार नको म्हणून तुम्ही निवडणूक लढवताय. आणि अख्ख्या कानडी भाषेतला माझा हा एक शब्द तेवढा तुम्हाला गोड लागला?

चौकशी बसलीय. तुमचं पत्र ह्यांच्यासमोर वाचून दाखवलं. घरी आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मला विचारलं, "नागोजीला तू काय म्हणालीस?" मी म्हटलं, "सरी म्हणाले." तर हे हसले. इतक्या दिवसांनी हसले म्हणून मलाही बरं वाटलं, मीही हसले. मग म्हणाले, "दादाला कानडी येतं गं." आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

तेवढंच बोलले, पण मला ते पुरलं. भावजी, तुम्हाला समजलं होतं. नागोजीनं तो शब्द तुमच्या कानावर घातला तेव्हाच तुम्हाला समजलं होतं की हा होकार नव्हे. तरी तुम्ही छापलंत.

सोमवारी मला साक्षीला बोलावलंय. चिकपेटचा माझा अण्णा, हरी, सोबत येईल. हे म्हणतात बायकांनी अफसरांच्या टेबलापुढं उभं राहायचं नाही. मी म्हणते, बायकोच्या तोंडचा शब्द टेबलावर ठेवलाय तर बायकोलाही उभं राहू दे. मला भीती नाही. शुक्रवारी राहुकाळात बनशंकरीला जाऊन लिंबाचे दिवे लावून आले. जे बोलले ते तिथं सांगेन. पण माझ्या सांगण्याला तुमच्या कागदाइतकं वजन नाही, हे मलाही कळतं.

अजून वेळ गेलेली नाही. एक तार करा. "शालनचा होकार नव्हता." तारेला शब्द कमी लागतात.

शालन


चिकपेट, बेंगळूर
१७ जून १९५७

आमदार आप्पाजीराव यांस,

काल तुम्ही आमच्याकडे जेवून गेलात आणि आज मी तुम्हाला टपालानं लिहितेय. तुमचं बिऱ्हाड इथून दोन मैलांवर. चालत येऊन बोलले असते, पण ह्यांनी ताकीद दिलीय, "दादाला काही बोलायचं नाही. तो पानावर बसला की नाहीच नाही." म्हणून काल मी मुकाट्यानं वाढत राहिले. पुरणपोळीवर घालायचं तूप मी ताटाबाहेर सांडलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "शालन, दमलीस गं."

दमले होते खरी.

तुम्ही प्रेमासाठी आंबे आणलेत. आपल्या पानातली अर्धी पोळी मोडून ह्यांच्या ताटात ठेवलीत, लहानपणी ठेवायचात म्हणे तशी, आणि ह्यांनी मान खाली घालून ती खाल्ली. ते बघून मला रडू आलं आणि रागही आला. पण तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, चौकशीत काय झालं. क्वार्टर सोडून अण्णाच्या दुकानामागच्या ह्या खोलीत आम्ही का राहतो, तेही विचारलं नाहीत. "बाजारपेठ जवळ आहे, सोयीचं आहे," म्हणालात. तेव्हा मीच सांगते.

त्या सोमवारी मी लग्नातली साडी नेसून बाहेरच्या बाकावर बसले होते. अण्णा शेजारी. काय बोलायचं ते तोंडपाठ केलं होतं. दार नुसतं लोटलेलं. आतून ह्यांचा आवाज आला, हिंदीत, परेडवर बोलतात तसा मोठा: "साहेब, बायकोला बोलवू नका. ती नुसती निरोप घेणारी. होकार माझा होता." मेजर साहेब म्हणाले, "हवालदार, विचार करून बोल." हे पुन्हा तेच बोलले. साहेबांनी आणखी एकदा विचारलं. पुन्हा तेच.

खोटं. माझ्या देखत तरी हा माणूस एवढंच एक खोटं बोलला, आणि तेही आपल्या गळ्याला फास लावणारं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही लबाड ठरला असता, नाहीतर मी बेफिकीर. दोघांना झाकायला हे उघडे पडले. मला आत बोलावलंच नाही. मी पाठ केलेलं सगळं घशात घेऊन परत आले.

वर्दी जमा केली. पदकं ठेवू दिली, ती ट्रंकेत आहेत. आता हे इथल्या व्यापाऱ्यांची लॉरी चालवतात, कापडाचे गठ्ठे घेऊन दावणगेऱ्याला जातात आणि येतात. शिकवायला पोरं नाहीत, म्हणून वाटेत क्लीनरला शिकवतात.

आणि काल हात धुवायला उठता उठता तुम्ही काय बोललात? "पिराजी, उद्या विधानसौधात ये. पास देतो. वर बसून बघ, दादा मराठीसाठी कसा भांडतो ते." हे म्हणाले, "मला चालत नाही, दादा." तुम्ही हसलात. "अरे, आता तू फौजेत कुठं आहेस?"

मनात काही नव्हतं तुमच्या. मी तेवढी दुष्ट नाही, मला कळतं. पण हे न्हाणीत जाऊन हात धूत राहिले, पाण्याचा तांब्या रिकामा झाला तरी धूत राहिले. तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत, "येतो गं" म्हणालात आणि गेलात. तुमची पावलं जिन्यावर वाजायची थांबली तेव्हा हे बाहेर आले. मला म्हणाले, "दादा वाळलाय, नाही?"

पुन्हा याल तेव्हा फोटो घेऊन या. काल तुम्ही सांगितलंत, छापखान्यातून आणला, पण आता तुमच्या बैठकीत टांगलाय, येणारे-जाणारे बघतात. आत्याबाईंच्या खोलीतला खिळा रिकामा ठेवून?

शालन


चिकपेट, बेंगळूर
१६ डिसेंबर १९६२

थोरले भावजी यांस,

बऱ्याच वर्षांनी तुमचं पत्र आलं. आधी ह्यांनी वाचलं, घडी केली, माझ्या हातात दिलं आणि चपला घालून बाहेर गेले.

तुम्ही लिहिता, "बरं झालं त्या वेळी तुझी फौज सुटली. नाहीतर आज तूही त्या बर्फात असतास. देवानं माझ्या हातून तुला वाचवलं."

भावजी, पत्रकाचं खापर आधी माझ्या माथ्यावर फोडलंत. आता देवाच्या?

ऑक्टोबरपासून, चीनशी लढाई जुंपल्यापासून, आमच्या घरात काय चाललंय ते ऐका. अण्णाच्या दुकानात रेडिओ आहे. हे लॉरीवरून आले की जेवायच्या आधी तिथं जाऊन उभे. बसत नाहीत, बातम्या संपेपर्यंत उभे. लोकांकडून कळलं की जुन्या माणसांना परत घेतायत, ड्रायव्हर तर हवेच आहेत. त्या दिवशी मला म्हणाले, "शालन, शर्टाला इस्त्री कर." दाढी करून, पदकं खिशात घालून अलसूरला, आपल्या जुन्या सेंटरच्या फाटकावर गेले. मी इकडे देवापुढं बसले. काय मागावं तेच कळेना, घेऊ दे म्हणून मागू की नको म्हणून.

तिथल्या कारकुनानं ह्यांचा कागद बघितला. पोरगा कालचा. म्हणाला, "तुम्ही राजकारणातले. वर लिहिलंय तसं." कागद परत दिला.

राजकारणातले. विहिरीवर जाऊन बसणारा माणूस, भावजी.

हे तिथून चालत घरी आले. बसचे पैसे खिशात होते तरी चालत आले. शर्ट काढून त्याची घडी केली आणि म्हणाले, "इस्त्री मोडली नाही, पुन्हा घालता येईल."

यल्लाप्पा तुम्हाला आठवायचा नाही. अथणीकडचा पोरगा, ह्यांच्या शेवटच्या तुकडीतला. क्वार्टरवर दर रविवारी जेवायला यायचा आणि माझ्या सांबाराला नावं ठेवून तीनदा मागून घ्यायचा. तो वर होता, नेफाच्या सरहद्दीवर. परतला नाही. त्याच्या भावाचं कार्ड आलं. ह्यांनी ते वाचलं आणि इतकंच म्हणाले, "मी त्याला घाट उतरायला शिकवलं. बर्फातलं शिकवायचं राहिलं." तेव्हापासून अधूनमधून हेच म्हणतात, जेवताना, झोपेतून उठल्यावर. मी समजूत घालते, अहो, तुम्हालाही कुठं माहीत होतं बर्फातलं? ते ऐकत नाहीत. त्यांना वाटतं, आपण तिथं असतो तर पोरगा लॉरीसकट परत आला असता.

आणि त्यात तुमचं पत्र, वाचलास म्हणून. तुमच्या भावाला ते वाचणं नको होतं. हे तुम्हाला कधी कळणार?

नियमातून सुटले तरी ह्यांनी नियम सोडला नाही, हेही सांगते. गल्लीत कुणा उमेदवाराची वाजंत्री आली की हे खिडकी लावून घेतात. गणपतीच्या मांडवात पुढारी यायचा असला की आरतीच्या आधी घरी येतात. अण्णा थट्टा करायचा, आता तोही करत नाही. मी सरी म्हणायचं सोडलंय. भाजीवाली विचारते, "अक्का, कोपाना?" राग आला का म्हणून. तिला काय सांगू? हो म्हणते किंवा नाही म्हणते. इकडे ते फार तुटक वाटतं.

फेब्रुवारीत निवडणुकीत तुम्ही पडलात तेव्हा हे दिवसभर हळहळत होते. "दादानं जन्म घातला त्यात," म्हणत होते. मी त्या दिवशी शिरा केला होता, बदाम घालून. ह्यांना म्हटलं प्रेमाची परीक्षा झाली म्हणून केलाय. तुम्हाला खरं ते सांगते.

हे पत्र मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. पहिलं लिहिलं तेव्हाही नव्हतं. ह्यांना वाचवायला गेले त्या पत्रानंच सगळं चुलीत गेलं, म्हणून आता तुमच्याकडं काही मागत नाही. एवढंच करा, देवानं वाचवलं म्हणून पुन्हा लिहू नका.

शालन


चिकपेट, बेंगळूर
२९ जानेवारी १९६७
नागोजीच्या हाती

आप्पाजीराव,

हे गेले त्याला तीन आठवडेही झाले नाहीत. तेराव्याला तुम्हाला यायला जमलं नाही, निवडणुकीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता म्हणे. जाऊबाई आल्या, माझ्यापेक्षा जास्त रडल्या. त्यांना सांगा, त्यांनी आणलेला तांदूळ पुरवून वापरतेय.

आज नागोजी आलाय. केस पांढरे झालेत त्याचे, पण उभा राहिला तो उंबऱ्यातच. मी आधी जाऊन स्टोव्हवरचं दूध खाली उतरवलं. मग म्हटलं, "आत ये, बस. आता बोल." त्यानं तुमची चिठ्ठी दिली. "ह्या खेपेस रीतसर विचारतो आहे. कै. पिराजीचा वर्दीतला फोटो पत्रकावर घालावा आणि देवळापुढं त्याची शोकसभा घ्यावी अशी सर्वांची इच्छा आहे. आता तर कोणताही नियम आड येत नाही. संमती कळवावी."

दहा वर्षांनी विचारलंत. उशिरा का होईना, विचारलंत.

हे कसे गेले ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. छातीचं दुखणं होतंच, दिवाळीपासून लॉरी बंद. त्या दिवशी सकाळी गल्लीतल्या पोरांनी घराघराला पक्षाच्या पताका बांधल्या. एक आमच्या दाराच्या खांबालाही. कुठल्या पक्षाची होती तेही मी बघितलं नाही. हे खाटेवरून उठले. दोन पावलं टाकली की दम लागत होता, तरी स्टूल ओढलं, वर चढले, पताका सोडली. फाडली नाही. नीट घडी केली आणि शेजारच्या गुंडोला नेऊन दिली. "पोरांनो, राग मानू नका, आमच्याकडं चालत नाही," म्हणाले. परत येऊन खाटेवर बसले, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत कलंडले होते.

प्रेमा पोरांवर ओरडत होती, कानडीत, वाटेल ते. मी तिला गप्प केलं. पोरांचा काय दोष?

आप्पाजीराव, तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली. तुमचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पोळी मोडून ताटात ठेवलेली मी बघितलीय. शोकसभेत तुम्ही खरेच रडाल, आणि समोरचेही रडतील, आणि मतं पडतील. पण जो माणूस जन्मात तुमच्या सभेला बसला नाही, त्याला तुम्ही आता सभेत नेऊन बसवणार. का, तर आता त्याला उठून विहिरीवर जाता येणार नाही म्हणून.

फोटो बैठकीतून उतरवा आणि नागोजीच्या हाती पाठवून द्या. मी तो इथं आतल्या भिंतीला लावीन, जिथं रस्त्यावरून दिसणार नाही.

नागोजी समोर बसून कॉफी पितोय. मागल्या वेळची राहिली होती त्याची. आत्ता विचारतोय, "वैनी, दादास्नी काय सांगू?" त्याला म्हटलं, तू तोंडी काही सांगू नकोस. तोंडी निरोप वाटेत बदलतो. मी लिहून देते.

तेव्हा तुम्ही विचारलंत त्याचं माझं उत्तर.

मराठीत: नको.

आणि तुम्हाला कानडी येतं, म्हणून कानडीतही: बेडा.

शालन पिराजी नलवडे